किलोवरून वाट्यावर: मटण कमी केल्याचं एक वर्ष

17 मार्चला तपासणीसाठी रक्त दिलं, 20 तारखेला रिपोर्ट हातात आला आणि वर्षभर चाललेलं एक काम माझ्यापुरतं मार्गी लागलं. मी मूळचा कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचा. गेली अकरा वर्षं जर्मनीत, बॉनला राहतो. घरात आम्ही तिघं: मी, मालवणची बायको आणि बारा वर्षांचा मुलगा. दर रविवारी आमच्याकडे मटण शिजायचं आणि ते मीच शिजवायचो. ते सोडलेलं नाही. पण खूप कमी केलंय, आणि पर्यावरणासाठी म्हणून केलंय. सुरुवातीला कुणाला काय विचारायचं तेच कळत नव्हतं. वाचायला मिळायचं ते एक तर पूर्ण शाकाहारी व्हा म्हणणारं, नाहीतर बीफच्या स्टेकची गणितं मांडणारं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माणसानं काय करायचं, हे कुठंच सापडलं नाही. म्हणून तारखा, खर्च, कागदपत्रं, चुका, सगळं इथं लिहून ठेवतो.

याची मुळं 2021 च्या जुलैमध्ये आहेत. 14 जुलैच्या रात्री आमच्यापासून तीसेक किलोमीटरवर आर नावाच्या लहानशा नदीला पूर आला. एरवी गुडघाभर पाण्याची नदी, पण त्या एका खोऱ्यात 130 हून जास्त माणसं गेली. 24 जुलैच्या शनिवारी मी चिखल उपसायला गेलो. एका म्हातारीच्या तळघरात आम्ही आठ-दहा जण बादल्या पुढं पुढं देत होतो. त्या गाळाचा वास माझ्या ओळखीचा होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये मी सुट्टीवर गावी होतो, तेव्हा चिखलीच्या आमच्या घरातून असाच गाळ काढला होता. आणि नेमका त्याच शनिवारी धाकट्या भावाचा फोन आला: आईला आणि म्हशींना घेऊन गाव सोडलंय, पंचगंगा 2019 च्याही वर गेलीय, शिरोलीजवळ हायवे बंद आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. तेव्हा पाणी 55 फुटांच्या वर होतं.

पुराला एकच कारण नसतं. पूररेषेत बांधलेली घरं आहेत, धरणातून सोडलेलं पाणी आहे. पण महिन्याभरानं शास्त्रज्ञांनी आरच्या पुराचा अभ्यास मांडला, त्यात म्हटलं होतं की तापलेल्या हवामानामुळे असा पाऊस पडायची शक्यता 1.2 ते 9 पटींनी वाढली आहे. ते वाचल्यापासून मनात एक टोचणी लागली होती. तरी पुढची अडीच वर्षं मी काहीच केलं नाही.

याला कारण होतं. आमच्या घरात गाईचं मांस येत नाही. त्यामुळे मांस आणि हवामान हा प्रश्न स्टेक खाणाऱ्यांचा, आपला नाही, असं मी धरून चाललो होतो. मार्च 2024 मध्ये जर्मनीच्या आहारसंस्थेनं नव्या शिफारशी जाहीर केल्या. या संस्थेचं कार्यालय बॉनमध्येच आहे, त्यामुळे आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दुसऱ्याच दिवशी त्याचा तक्ता लागला. मांस आणि सॉसेज मिळून आठवड्याला जास्तीत जास्त 300 ग्रॅम, आणि यात तब्येतीबरोबर पर्यावरणाचाही हिशोब धरलेला. त्या रात्री मी पहिल्यांदा नीट बसून वाचलं.

मला न माहीत असलेली गोष्ट अगदी साधी होती. प्रश्न रवंथाचा आहे. गाय रवंथ करते तशी मेंढीही करते, बकरीही करते. त्यांच्या पोटात चारा आंबतो, त्यातून मिथेन तयार होतो आणि ढेकरांवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट ऊब धरतो, वीस वर्षांच्या हिशोबात 80 पटींच्या आसपास. 2018 साली सायन्स या नियतकालिकात एक मोठा जागतिक अभ्यास आला होता. त्यातले आकडे 100 ग्रॅम प्रथिनांमागे किती किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू सुटतात याचे आहेत: खास मांसासाठी पाळलेल्या गुरांचं बीफ सरासरी 50 किलो, मेंढीचं मटण 20 किलो, डुकराचं मांस 7.6, कोंबडी 5.7, अंडी 4.2 आणि कडधान्यं एक किलोच्याही आत. म्हणजे ज्याला मी निरुपद्रवी समजत होतो ते माझं मटण बीफच्या खालोखाल, दुसऱ्या नंबरवर होतं. त्यातल्या त्यात धीर देणारी बाब एवढीच की मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. तो आज कमी सोडला तर त्याचा परिणाम माझ्या मुलाच्या तरुणपणीच दिसेल.

11 मार्च ते 7 एप्रिल असे चार आठवडे आम्ही काहीही न बदलता फक्त मोजलं. ही पायरी कुणीही गाळू नका. स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर कायमचा ठेवला आणि फ्रिजवर एक कागद लावला. रविवारचं मटण सव्वा किलो, एक आठवडा सोडून एकदा अर्धा किलो खिमा, मुलाच्या डब्यातलं सलामी, आणि कॅन्टीनमध्ये मी दोनदा घेत होतो ते सॉसेज किंवा डुकराचं कटलेट. बेरीज केली तर माझ्या एकट्याच्या वाट्याला आठवड्याला जवळजवळ 900 ग्रॅम लाल मांस येत होतं, चिकन वेगळं. जर्मनीत तेव्हा माणशी वर्षाला सुमारे 52 किलो मांस खाल्लं जात होतं, म्हणजे आठवड्याला एक किलो. अकरा वर्षांत मी ती सरासरी ओलांडली होती. गावी आठवडाभरात मी याच्या पाव हिश्शानंही कधी खाल्लं नसेल.

मग डॉक्टर. मला पूर्वी एकदा बी-12 ची कमतरता निघाली होती, शिवाय कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं, म्हणून मनानेच काही करायचं नव्हतं. 18 एप्रिलला फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. हिमोग्लोबिन आणि कोलेस्टेरॉलची तपासणी विम्यातून झाली. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि बी-12 यांचे पैसे मला भरावे लागले, दोन्ही मिळून 41 युरो. पाच दिवसांनी रिपोर्ट आला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 152, फेरिटिन 64, बी-12 खालच्या मर्यादेला टेकलेलं, 210.

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी एक सांगतो, कारण हे मला फार उशिरा कळलं. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याच्या खर्चातला काही भाग आरोग्य विमा कंपनी देते. याला एर्नेरुंग्सबेराटुंग म्हणतात. मात्र त्याला वैद्यकीय कारण लागतं. पर्यावरणासाठी मांस कमी करायचंय, यावर पैसे मिळत नाहीत. माझं एलडीएल वाढलेलं असल्यामुळे डॉक्टरांनी सल्ल्याची गरज असल्याचा दाखला लिहून दिला. तो घेऊन मान्यताप्राप्त आहारतज्ज्ञ शोधायचा, त्याच्याकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्यायचा, दोन्ही कागद विमा कंपनीला पाठवायचे आणि मंजुरीचं पत्र येईपर्यंत थांबायचं. इथं आहारसल्लागार ही पाटी कुणीही लावू शकतो, त्या शब्दाला कायद्याचं संरक्षण नाही. म्हणून आधी विमा कंपनीलाच फोन करून कुठली प्रमाणपत्रं चालतात ते विचारून घ्या.

मला मिळालेला अंदाज पाच भेटींचा होता: पहिली तासाची 95 युरो, पुढच्या चार अर्ध्या तासाच्या, प्रत्येकी 50. एकूण 295. कागद 25 एप्रिलला पोस्टानं पाठवले. चार आठवडे काहीच उत्तर नाही. फोन केला तेव्हा कळलं, पाकीट पोचलेलंच नाही. मग सगळं पुन्हा स्कॅन करून त्यांच्या ॲपवरून पाठवलं. तोवर सात आठवडे वाट बघून मिळालेली 12 जूनची वेळ जवळ आली. ती सोडवेना, म्हणून मी गेलो. मंजुरीचं पत्र 19 जूनला आलं, त्यावर तारीख 14 जून. मंजुरीआधीची भेट धरली जात नाही, त्यामुळे पहिल्या भेटीचे 95 युरो माझ्या खिशातून गेले. उरलेल्या 200 पैकी 160 परत मिळाले, पण तेही सगळ्या भेटी झाल्यावर, पावत्या आणि हजेरीचा सहीचा कागद जोडल्यावर. पोस्टावर राहू नका, ॲपवरून पाठवा, आणि पत्र हातात आल्याशिवाय पहिली भेट घेऊ नका.

ही सगळी कागदं फिरत असताना, म्हणजे एप्रिल-मे मध्ये, मी घरी माझ्या परीनं सुरू केलंच होतं, आणि चुकीचं सुरू केलं होतं. पहिल्या रविवारी मटणाचाच सगळा मसाला लावून सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा केला. मुलानं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. मलाही तो गेला नाही. मटणाच्या जागी मटणासारखं दिसणारं काही ठेवलं की जीभ प्रत्येक घासाला तुलना करते. पुढचे तीन-चार रविवार पनीर आणलं. ते सगळ्यांना आवडलं, आणि प्रश्न सुटला असं मला वाटलं.

12 जूनला आहारतज्ज्ञ बाईंनी माझी वही बघितली आणि पनीरवर बोट ठेवलं. दूध रवंथ करणाऱ्या जनावराचंच. एक किलो पनीरला पाचेक लिटर दूध आटतं. वर सांगितलेल्या अभ्यासात चीजचा आकडा 100 ग्रॅम प्रथिनांमागे 11 किलो आहे, म्हणजे चिकनच्या जवळजवळ दुप्पट. मटणाची जागा आठवड्यातून दोन-तीनदा पनीरनं भरली तर ज्या कारणासाठी हे चाललंय त्यातलं बरंच निसटतं. घरी हे सांगताना मला जड गेलं, कारण पनीरवर सगळे खूश होते. आता पनीर महिन्यातून एक-दोनदा येतं.

मग त्या म्हणाल्या, तुम्ही लहानपणी काय खात होता ते लिहून आणा. ती यादी करायला मी आणि बायको एका संध्याकाळी बसलो आणि उठेपर्यंत साडेअकरा वाजले. हुलग्याचं माडगं, मटकीची मिसळ, पावट्याची आमटी, घेवडा, चवळी, हरभऱ्याची उसळ, कराड-इस्लामपूरच्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर. बायकोच्या बाजूनं काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावणे. 10 जुलैला ही यादी बघून बाई म्हणाल्या, तुमच्याकडे सगळं आहे, मी काय सांगू? तरी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या मी काटेकोर पाळतो. कडधान्यांतलं लोह मांसातल्या लोहाइतकं सहज अंगी लागत नाही, म्हणून त्याबरोबर लिंबू, टोमॅटो, कोथिंबीर असं क जीवनसत्त्व असलेलं काहीतरी हवंच. आणि जेवणावर लगेच चहा-कॉफी नको, निदान तासभर जाऊ द्यायचा. बी-12 कडधान्यांत नसतंच. त्याची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू केली, तीन महिन्यांचा डबा आठ युरोला.

घरात खरा बदल काळ्या वाटाण्यानं झाला. जुलैमधल्या एका रविवारी बायको म्हणाली, आज तू बाजूला बस. वाटाणे रात्री भिजवले होते. तिनं कांदा उभा चिरून तव्यावर काळपट होईपर्यंत भाजला, सुकं खोबरं वेगळं भाजलं, धणे, मिरी, लवंग, बडीशेप, थोडी खसखस, आणि सगळं एकत्र बारीक वाटलं. तेल तापल्यावर आधी वाटण घातलं आणि कडेनं तेल सुटेपर्यंत परतत राहिली. घाई केली नाही, वीस मिनिटं तरी गेली असतील. घरभर तोच वास सुटला जो माझ्या रविवारी सुटतो. मुलगा खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला, ‘‘बाबा, आज मटण आहे?’’ आम्ही दोघांनी काहीच उत्तर दिलं नाही. वाटाणे पडले, रस्सा उकळला, वर तर्री आली. तो तीन घावणे जेवला. सोयाबीनच्या वेळी मी मसाला मटणाचा घातला होता खरा, पण वाटण नीट परतलं नव्हतं. वड्या पटकन शिजतात म्हणून सगळंच पटकन उरकलं होतं. मटणाला आपण जो वेळ देतो तो कडधान्याला देत नाही, तिथं चव जाते.

4 ऑगस्टला गटारी होती, रविवारीच. इथली सात-आठ मराठी कुटुंबं दर वर्षी जमतात आणि मटण माझ्याकडे असतं. अठ्ठावीस माणसांना मी नेहमी आठ किलो आणतो. या वेळी चार किलो आणलं आणि सोबत काळ्या वाटाण्याचं मोठं पातेलं केलं. आधी सगळ्यांना कळवायला हवं होतं, ते मी केलं नाही. एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, पैसे मटणाचे घेतलेस आणि वाटाणे घालतोस का? मला ते फार लागलं, कारण तो वर्षभराचा एकच दिवस लोक वाट बघत असतात आणि मी त्यांना न विचारता ठरवलं होतं. उरलेले पैसे त्याच संध्याकाळी सगळ्यांना परत पाठवले. आपल्या घरापुरतं जे ठरवतो ते दुसऱ्याच्या ताटात न विचारता वाढू नये, हे त्या दिवशी कळलं. पातेलं मात्र रिकामं झालं, आणि दोघींनी बायकोकडून वाटणाचं प्रमाण लिहून नेलं.

दुसऱ्या दिवसापासून श्रावण. गावी आमच्याकडे कडक पाळला जातो, इथं मी कधीच पाळला नव्हता. या वर्षी पाळला, 2 सप्टेंबरपर्यंत, आणि अख्ख्या वर्षातला तो सगळ्यात सोपा महिना गेला. रोज उठून आज खायचं की नाही हे ठरवावं लागत नव्हतं. श्रावणानंतर तसाच एक नियम घातला: लाल मांस फक्त रविवारी, तेही एक रविवार सोडून, एका वेळी अर्धा किलो. बुधवारी अंडी किंवा मासे. शुक्रवारचं चिकन मुलासाठी राहिलं. आपल्याकडे वार पाळायची सवय हाडात आहे. ग्रॅम मोजायला मी दोन महिन्यांत कंटाळलो, वार मात्र आपोआप पाळला जातो.

अर्ध्या किलोत भागवायचं कसं, याला थोडा काळ गेला. आता हाडाचं घेतो, मानेचं आणि नळीचं. कुकर न लावता पातेल्यात मंद आचेवर दीड-दोन तास शिजवतो, वर झाकणीत पाणी. त्या अळणी पाण्याचे दोन भाग करतो, एकाचा पांढरा, एकाचा तांबडा. ताटात प्रत्येकाला तीन-चार फोडी, पण वाटी दोनदा भरते. भाकरी कुस्करून खाल्ली की पोट भरतं आणि मनही भरतं. सव्वा किलो शिजायचं तेव्हा आम्ही फोडी खायचो आणि रस्सा सोमवारी टाकून द्यायचो. त्या टाकलेल्या रश्श्याची आता हळहळ वाटते.

कॅन्टीनचं काम त्यामानानं किरकोळ. गुरुवारी मसुराचं दाट सूप असतं, ते सॉसेजशिवाय मागितलं तर मिळतं. सलामीच्या जागी मुलाच्या डब्यात छोल्यांचा हमस आणि काकडी जाते. त्यानं पहिले पंधरा दिवस कुरकूर केली, नंतर नाही. हुलगे बॉनमध्ये मिळाले नाहीत, कलोनच्या एका भारतीय दुकानात मिळाले. मसूर आणि छोले तुर्की दुकानात सगळ्यात स्वस्त.

21 डिसेंबरला आम्ही तीन आठवड्यांसाठी गावी गेलो. आई फोनवर महिनोन् महिने विचारत होती, ‘‘आजारी हाईस का? तिकडं मटण मिळंना झालंय व्हय?’’ पहिल्या रविवारी तिच्यासमोर चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. पूर, मिथेन, रवंथ. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘मग आम्ही काय रोज खात हुतो व्हय? मी पोरगी हुतो तवा जत्रंला आणि पाव्हणं आलं तर. न्हाईतर महिन्या-दोन महिन्यानं गल्लीत बकरं पाडायचं आणि वाटं घालायचं.’’ वाटे मी लहानपणी पाहिले होते, पण विसरलो होतो. जमिनीवर पळसाची पानं मांडायची. प्रत्येक पानावर थोडं खांद्याचं, थोडी बरगडी, एक नळी, काळजाचा तुकडा, वजडी. कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको, म्हणून म्हातारी माणसं फोडी इकडच्या तिकडं करत राहायची. मग एका लहान पोराला पाठ करून उभं करायचं, एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, ‘‘ह्यो कुणाचा?’’, आणि पोरगं ज्याचं नाव घेईल त्याचा तो वाटा.

काकांच्या दारात चार बकऱ्या आहेत. बांधावरचं गवत, शेवरीचा पाला खातात, माणसाला न लागणाऱ्या गोष्टींवर जगतात, आणि अडीनडीला एखादी विकली की दवाखान्याचं बिल निघतं. त्यांना मी काही शिकवायला गेलो नाही, जाणारही नाही. भारतात माणशी मांस जर्मनीच्या मानानं फारच थोडं खाल्लं जातं. कमी करायचं ओझं माझ्यासारख्याचं आहे, जो इथं येऊन दर रविवारी सव्वा किलो शिजवायला लागला. आणि हेही सांगायला हवं की माझी एकट्याची मटणातली वर्षाची बचत, हाडं वजा करून आठवड्याला 400 ग्रॅम धरली तर, साधारण पाऊण टन कार्बन डायऑक्साइडइतकी होते. गावी जाण्यायेण्याच्या विमानात माझ्या वाट्याला त्याहून जास्त जातं. म्हणून आता दर वर्षाऐवजी दोन वर्षांनी पण जास्त दिवस जायचं, असं आम्ही ठरवलंय. आईला हे सांगताना मात्र घशाशी आलं होतं. ती म्हणाली, ‘‘ये की, दोन म्हयनं रहा.’’

परत आल्यावर वाट्याची गोष्ट डोक्यातून जाईना. आयफेलच्या डोंगरात जुनिपरची माळरानं आहेत. ती मेंढ्या चरतात म्हणून टिकून आहेत, नाहीतर तिथं झाडी माजेल. तिथल्या एका मेंढपाळाला जानेवारीत फोन केला. अर्धं कोकरू मिळेल, परवानाधारक कत्तलखान्यातून कापून, साधारण 9 किलो, 18 युरो किलोनं. महिनाभर आधी नाव नोंदवायचं, 50 युरो आगाऊ. चरणाऱ्या मेंढीचा मिथेन किलोमागे कमी होत नाही, आणि जवळून आणल्यानं फार फरक पडतो असंही नाही, कारण अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा लहान असतो. फरक पडतो तो किती खातो यानं. या वेळी सगळ्यांना आधी विचारलं. सहा घरं तयार झाली, त्यात गटारीला रागावलेला मित्रही होता. महिन्याला दीड किलोचा वाटा, घरटी 27 युरो. पूर्वी माझे मटणावर महिन्याला 85 युरो जायचे.

मार्चमध्ये पुन्हा चार आठवडे मोजलं. मी आठवड्याला सरासरी 120 ग्रॅम लाल मांस खातोय, चिकनसकट 260. एलडीएल 131 वर आलं, फेरिटिन 58, म्हणजे जवळपास तेवढंच, बी-12 गोळीमुळे 410. पुढची तपासणी वर्षानं करा, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

पहिले वाटे 15 फेब्रुवारीला आमच्या गॅरेजमध्ये घातले होते. पळसाची पानं कुठली मिळणार, टेबलावर सहा स्टीलची ताटं मांडली. मित्र आणि मी खांद्याच्या फोडी या ताटातून त्या ताटात करत राहिलो. बाहेर बारीक बर्फ पडत होतं. मुलाला दाराकडे तोंड करून उभं केलं. बायकोनं आईला व्हिडिओ कॉल लावून फोन कपाटावर टेकवला होता. मी तिसऱ्या ताटावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘हा कुणाचा?’’ सहा घरांची नावं त्याला पाठ होती. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, ‘‘आजीचा.’’ फोनमधून आई म्हणाली, ‘‘माझा वाटा तू खा, बाळा. नळी तेवढी तुझ्या बाला दे.’’